स्लाविया की कुशाक? आधी फेरीबोट आठव

अरे, स्कोडाची सेदान स्लाविया घेऊ की तिचीच उंच एसयूव्ही कुशाक, असं विचारलंस ना? आधी सांग, फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाणं किती होतं? ओहोटीला फेरीबोटीचा उतार तिरका होतो आणि लांब नाकाच्या गाड्या खालून खर्रकन घासतात. माझ्या जुन्या सेदानचा बंपर जुन्या गोव्याच्या धक्क्यावरच सुटला होता. मागचे सगळे हॉर्न मारतायत, मी चिखलात वाकून!

स्लावियाचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर) मात्र 179 मिमी, होंडा सिटीचा 165. कुशाकचा 188, म्हणजे जेमतेम 9 मिमीचा फरक. दोघींचा सांगाडा एकच, 1.0 आणि 1.5 लिटरची टर्बो इंजिनंही तीच. डिकीत तर स्लावियाच पुढे: 521 लिटर, कुशाक 385. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, नारळ, सगळं मावतं.

मागे तिघं रोज बसणार असतील तर ह्युंदाईची क्रेटा बघ, ती आत ऐसपैस आहे. पण चोर्ला घाटातल्या वळणांवर मला स्लावियाच आवडते. 1.5 चा 250 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, बेळगावच्या फेऱ्या असतील तरच घे, पणजी-म्हापशाला 1.0 पुष्कळ झाली.

आईचे गुडघे दुखतात म्हणालास ना? सेदानमध्ये खाली वाकून बसावं लागतं. ट्रायलला तिलाच घेऊन जा, दोनदा चढ-उतर करायला लाव.