कोलेस्टेरॉल १७८, तरी गोळी कशाला?

प्रश्न : माझे वय ५८ असून १४ वर्षांपासून मला मधुमेह आहे. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर) ६.९ आहे. नुकत्याच केलेल्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीत, एकूण कोलेस्टेरॉल १७८, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) २४५, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३४ आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९५ आले. आमच्याकडे मांसाहार नाही आणि तेलही ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ लिहिलेलेच आणतो. तरी डॉक्टरांनी रोज स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी सांगितली आहे. तिने साखर वाढते म्हणतात. ती घ्यावी का? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : तुमची साखर चांगली आटोक्यात आहे, परंतु १७८ या आकड्यावर विसंबून राहू नका. दीर्घकाळच्या मधुमेहात एकूण कोलेस्टेरॉल अनेकदा असेच निर्धोक दिसते आणि बिघाड आतल्या रकान्यांत असतो. ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली आणि स्त्रियांमध्ये एचडीएल ५० च्या वर असावे, अशी अपेक्षा असते. तुमच्या अहवालात हे दोन्ही चुकलेले आहे.

याचे मूळ इन्शुलिनमध्ये आहे. चरबीच्या पेशींतील साठा विनाकारण रक्तात उतरू न देणे हेही त्याचे काम असते. शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले, की हा साठा सुटून यकृताकडे जातो आणि यकृत त्यापासून ट्रायग्लिसराइडने भरलेले कण तयार करून रक्तात सोडते. या कणांशी होणाऱ्या देवघेवीत एचडीएल घटते आणि एलडीएलचे कण लहान व दाट होतात. त्यामुळे तोच ९५ आकडा असला, तरी मधुमेही व्यक्तीच्या रक्तात एलडीएलच्या कणांची संख्या अधिक असू शकते.

शिवाय हा ९५ आकडा बहुधा थेट मोजलेला नसून वजाबाकीतून आलेला आहे : १७८ मधून एचडीएलचे ३४ आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ४९, वजा केले की ९५ उरतात. ट्रायग्लिसराइड वाढत जाते तसे हे गणित कच्चे पडते आणि ४०० च्या पुढे ते वापरतच नाहीत. म्हणून एकूण कोलेस्टेरॉलमधून केवळ एचडीएल वजा करून पाहावे. तुमच्या बाबतीत १४४ येतात. इतक्या वर्षांच्या मधुमेहात हा आकडा १०० च्या आणि एलडीएल ७० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो.

तेलाच्या पिशवीवरील मजकुराने मात्र हुरळून जाऊ नये. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. शेंगदाणा वा करडईच्या तेलात ते नव्हतेच, तर ‘मुक्त’ कशापासून केले, हे जाहिरातदारच जाणोत! तुमचे ट्रायग्लिसराइड वाढवण्यात साखर, भात-पोळीचे अधिक प्रमाण, उपवासाची साबुदाणा खिचडी आणि बैठी दिनचर्या यांचा वाटा असू शकतो. तिथे हात आवरला आणि रोज चालणे ठेवले, तर हा आकडा बराच उतरतो.

आता गोळीविषयी. स्टॅटिन हे अहवालातील आकडा सुधारण्यापुरते नसून हृदयविकार व पक्षाघाताचा धोका कमी करण्यासाठी दिले जाते. ब्रिटन व आयर्लंडमध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कार्ड्स’ चाचणीत हृदयविकार नसलेल्या, एलडीएल फारसे वाढलेले नसलेल्या सुमारे २,८०० मधुमेहींचा समावेश होता. त्यांतील अॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. स्टॅटिनने साखर थोडी वाढू शकते, हे खरे आहे. पण ती वाढ किरकोळ असते आणि मिळणारे संरक्षण तिच्याहून कितीतरी मोठे असते. त्यामुळे गोळी घ्यावी, असेच माझे मत आहे.

गोळी सुरू करण्यापूर्वी थायरॉइडची टीएसएच आणि यकृताची तपासणी झाली नसल्यास ती करून घ्या, कारण थायरॉइड मंदावल्यानेही रक्तातील चरबी वाढते. दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. स्नायू सतत दुखू लागले किंवा लघवी गडद रंगाची झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. एरवी आकडे सुधारले म्हणून गोळी मनाने बंद करू नका.