पर्णवटवट्या ओळखायचा तर आधी कान लाव

प्रिय मित्रा,

पर्णवटवट्यांच्या, म्हणजे पानांत वावरणाऱ्या त्या एकसारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांच्या जाती कशा ओळखायच्या, असं तू विचारलंस. त्यांनी तुला पार हैराण केलंय, हे तुझ्या प्रश्नांवरून कळलं. चित्रं पाठ करत बसू नकोस, आधी आवाज शिक. 1768 मध्ये इंग्रज निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी इंग्लंडमधल्या सारख्याच दिसणाऱ्या तीन वटवट्यांचं वेगळेपण लिहून ठेवलं, तेही मुख्यतः गाण्यावरून. त्यातले चिफचॅफ आणि विलो वॉर्बलर आजही डोळ्यांना फसवतात. गायला लागले की मात्र शंका उरत नाही. चिफचॅफ दोनच स्वर उलटसुलट घोळवत राहतो. विलो वॉर्बलरची लकेर वरून खाली उतरत विरते. वीण संपली की गाणं कमी होतं, तेव्हा साधी हाक कामी येते. म्हणून हाकाही ऐकून ठेव.

सूर्योदयाला जंगलात पोच. ऊन पाठीशी राहील अशी रानाची कड निवड आणि पायवाटेवरच 15-20 मिनिटं उभा राहा. पान हललं की नजर तिथून न काढता दुर्बीण डोळ्यांपुढे आण. दुर्बिणीतून शोधायला गेलास तर पक्षी गेलाच म्हणून समज. 8×42 ची (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण घे. 10 पटीच्या दुर्बिणीत सहसा कमी जागा दिसते, हाताची थरथरही जास्त जाणवते आणि हा काही ग्रॅमचा जीव एका फांदीवर क्षणभरही ठरत नाही.

दिसलाच तर आधी डोक्याकडे बघ: भुवई (डोळ्यावरचा फिकट पट्टा) चोचीपर्यंत पोचते का, डोळ्यामागे किती लांब जाते, टाळूवर मधोमध फिकट पट्टा आहे का. मग पंखावरची पट्टी, पाय, खालच्या चोचीचा रंग. पंखावरची पट्टी दिसली तर खूण पक्की. दिसली नाही म्हणून जात बाद करू नकोस, कारण पिसांची टोकं झिजली की ती पुसट होते, कधी नाहीशीच होते. पोटाच्या रंगावर सर्वांत कमी भरवसा ठेव. पानांतून झिरपणारा उजेड पांढऱ्या पोटालाही हिरवट-पिवळी झाक देतो आणि नवशिक्यांच्या बऱ्याच चुका तिथेच होतात.

पक्षी बोलत असताना फोन स्थिर धरून अर्धा मिनिट आवाज टिपून घे. त्याचाच आवाज वाजवून त्याला बोलावू मात्र नकोस, विणीच्या काळात तर मुळीच नको: चारा शोधायचं सोडून तो नसलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावतो. पुस्तक उघडण्याआधी दिसलं तेवढंच वहीत लिही. खात्री नसेल तर ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ अशी नोंद कर. ओढूनताणून दिलेल्या नावापेक्षा ती कितीतरी कामाची आहे.

सस्नेह