निरसन व व्यावृत्तीच्या कलमाविषयी

अनेक आशीर्वाद.

नव्या कायद्याचा तुझा मसुदा दोनदा वाचला. मुख्य तरतुदी नेटक्या उतरल्या आहेत. पण शेवटचे 'निरसन व व्यावृत्ती' (जुना कायदा रद्द करणे आणि त्याखालचे काय राखायचे ते सांगणे) हे कलम दुसऱ्या अधिनियमातून उचलून जोडल्यासारखे वाटते, आणि ज्यांचे प्रकरण जुन्या कायद्याखाली अर्ध्यावर आले आहे त्यांची सारी भिस्त त्याच कलमावर असते.

'प्रलंबित कार्यवाही जुन्या कायद्यानुसार चालू राहील' एवढेच तू लिहिले आहेस. समज, नियत दिनाच्या, म्हणजे नवा कायदा अमलात येण्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दाव्याचा निकाल लागला आणि अपील पुढच्या आठवड्यात दाखल झाले. नियत दिनी दावाही प्रलंबित नव्हता आणि अपीलही. मग ते कोणत्या कायद्याने चालवायचे? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ रोजी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५३१ प्रलंबित अपील, अर्ज, खटला, चौकशी आणि तपास यांपुरतेच बोलते, त्यामुळे त्या दिवसानंतर दाखल झालेल्या अपिलांबाबत हाच प्रश्न उच्च न्यायालयांपुढे आला.

आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५८ काढून वाच. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा येथील भाडेविषयक तीन जुन्या कायद्यांचे एकदम निरसन करताना मसुदाकाराने प्रलंबित दाव्यांसाठी एक खंड लिहिला आणि त्या कायद्यांखाली निकाली निघालेल्या प्रकरणांतील अपिलांसाठी दुसरा, स्वतंत्र. हा दुसरा खंड अगदी छोटा आहे, पण मला तो फार मोलाचा वाटतो. अपिलाचा हक्क दावा दाखल होताच निहित होतो, म्हणजे पक्षकाराला कायमचा मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये गरिकापाटी वीराय्या प्रकरणात सांगितले आहे, हे खरे. परंतु त्या तत्त्वावर विसंबून आपण गप्प राहिलो, तर ते सिद्ध करण्याचा खर्च पक्षकाराच्या माथी पडतो.

तुझे कलम १२ तीन वर्षेच अमलात राहणार आहे. सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ चे जुने हक्क व दायित्वे राखणारे कलम ६ निरसनाला लागू होते, मुदत संपून आपोआप लोपणाऱ्या तरतुदीला नाही. तेव्हा तिच्याखालील हक्क व दायित्वांची व्यावृत्ती तिथेच लिही. (१९४७ चा मुंबई भाडे कायदाही मुदतीचाच होता आणि ती मुदत अर्धशतकभर वाढत राहिली.)

एका भाडेकरूचे प्रकरण घेऊन नोटीस, दावा, हुकूमनामा, अपील, दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी) असे टप्पे कागदावर मांड, प्रत्येक दोन टप्प्यांच्या मध्ये नियत दिन ठेवून बघ, आणि तो कागद सुधारित कलमासोबत मला पाठव.