जिममध्ये कमावलेली ताकद एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालतं तो खेळ) लढतीत खरंच उपयोगी पडते का?

पडते, पण सगळीकडे सारखी नाही. सर्वात जास्त फायदा धरपकडीत दिसतो. समोरच्याचे दोन्ही पाय कवेत घेऊन त्याला उचलताना डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) आणि स्क्वॉटने (खांद्यावर बार घेऊन बैठका) कमावलेला जोर थेट कामी येतो. क्लिंचमध्ये (उभ्याने एकमेकांना धरून झुंजताना) तो तुमची मान खाली ओढतो तेव्हा पाठ ताठ ठेवणारे स्नायूही तेच. पकडीसाठी बारवर टॉवेल टाकून पुल-अप्स मारा, कारण मनगट धरून ठेवताना दंडाआधी बोटं थकतात.

ठोशाचं गणित वेगळं. तो क्षणार्धात लागतो, स्नायूंना पूर्ण जोर लावायला तेवढा वेळच मिळत नाही. म्हणून नुसता बेंच प्रेस वाढवून ठोसा जड होत नाही. मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) कंबर वळवून भिंतीवर पूर्ण वेगाने फेका, प्रत्येक बाजूने ५ वेळा. वेग उतरला की थांबा.

जड वजनांसाठी आठवड्यातून २ दिवस पुरेत: ३-४ सेट, प्रत्येकी ३ ते ५ रेप्स (वेळा उचलणं), मध्ये ३ मिनिटं विश्रांती, आणि एक-दोन रेप्सची ताकद शिल्लक असतानाच बार खाली. बरेच जण इथेच चुकतात. दम संपेपर्यंत सेट मारतात, दुसऱ्या दिवशी मांड्या आखडतात आणि टेकडाउन (समोरच्याने तुम्हाला खाली पाडणं) अडवायला पाय झटकन मागे टाकता येत नाहीत. कृपा करून जड स्क्वॉट स्पारिंगच्या (सरावाच्या लढतीच्या) आदल्या दिवशी ठेवू नका.