जुन्या ब्लूजचा माग काढताय? सुरुवात एका गाण्यापासून

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यांतून आलेलं संगीत. त्यातली दहा गाणी एकदम हाताशी घेऊ नका. ‘स्वीट होम शिकागो’ घ्या. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने ते नोव्हेंबर १९३६ मध्ये रेकॉर्ड केलं. पण आधी कोकोमो अर्नॉल्डचं ‘ओल्ड ओरिजिनल कोकोमो ब्लूज’ (१९३४) आणि त्याहून आधीचं स्क्रॅपर ब्लॅकवेलचं ‘कोकोमो ब्लूज’ (१९२८) ऐका. साचा कुठून आला ते कानालाच कळेल!

मग एवढं करा:

- रेकॉर्डिंगची तारीख टिपा, प्रकाशनाची नव्हे. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मोफत ऑनलाइन सूचीत ती बहुधा मॅट्रिक्स क्रमांकासह (कंपनीने त्या मूळ मुद्रणाला दिलेल्या क्रमांकासह) सापडते.
- लेबलवर कंसात छापलेलं नाव रचनाकाराचंच असेल असं धरू नका. कधी ते फक्त हक्क नोंदवणाऱ्याचं असतं.
- शब्द स्वतः ऐकून उतरवा. नेटवरच्या प्रती एकमेकींवरून उतरलेल्या असतात, चुकांसकट.

सगळ्यात जुनी तबकडी गाणाराच मूळ कवी, ही नवख्यांची नेहमीची चूक. जात्यावरच्या ओव्यांसारखी इथली कडवीही गाण्यागाण्यांतून फिरतात, त्यामुळे प्रत्येक कडव्याचा माग वेगळा काढावा लागतो.

अर्थाचीही घाई नको. शिकागो कॅलिफोर्नियात नाही, तरी जॉन्सन दोन्ही नावं एका दमात म्हणतो. त्यावर तर्क लढवण्याआधी आधीच्या दोन्ही गाण्यांत त्या जागी काय आहे ते पाहा.