लहान मुलं आणि नोकरी सांभाळून लिहिताना प्रेरणा टिकत नाही, घरच्यांवर चिडचिड होते. मन शांत ठेवून लिहायचं कसं?

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. याच विषयावर मला एकदा भर बैठकीत ऐकवलं गेलंय.

एक ज्येष्ठ लेखक होते, नाव घेत नाही. माझी कथा वाचून झाल्यावर म्हणाले, "बाई, संसार करा नाहीतर लिहा. दोन दगडांवर पाय ठेवून कोणी लेखक होत नाही. ट्रॉलपसारखी पहाटेची बैठक जमतेय का बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठक त्यांच्याच घरी होती आणि ते संध्याकाळभर जागचे हलले नव्हते, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

अँथनी ट्रॉलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. तो टपाल खात्यात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द काढायचा, हे सगळं खरं. पण त्याला उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता. त्या कामाचे त्याला वर्षाला 5 पौंड जादा मिळायचे. माझ्या यशाचं सर्वांत मोठं ऋण याचं आहे, असं ट्रॉलपने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्याच्या दिनक्रमाचे गोडवे गाणारे नेमकं तेवढंच गाळतात.

त्या काळात माझ्या सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. रात्री पाण्यासाठी हाक मारायच्या. भरलेला पेला उशाशी, हात पोचेल असा ठेवलेला असायचा, तरी हाक यायचीच. मी उठून पेला हातात द्यायचे, त्या जेमतेम ओठ ओले करायच्या आणि झोपायच्या. मला फार राग यायचा. मग एका रात्री दिसलं की त्यांची नजर पेल्याकडे नसतेच, दाराकडे असते. हाक मारली तर कोणी येतं की नाही, एवढंच त्यांना बघायचं असायचं.

तेव्हा माझी कथा एका म्हाताऱ्यापाशी अडली होती. तो घरच्यांना इतका का छळतो, हे मलाच उमगत नव्हतं. औषधांच्या चिठ्ठीच्या पाठीमागे अंधारातच खरडलं: "तहान नाही. पावलं ऐकायचीत." कथा तिथून पुढे सरकली. घरदार सोडून कुठे निवांत खोली घेऊन बसले असते, तर तो म्हातारा अजून तिथेच अडलेला असता.

त्यामुळे प्रेरणेची काळजी तुम्ही सोडाच. लहान मुलांच्या घरात ती कमी पडत नाही. तुटतो तो धागा. म्हणून उठताना पुढचं वाक्य मुद्दाम अर्धवट सोडून उठा. चार दिवसांनी बसलात तरी कुठून सुरू करायचं हा प्रश्न राहत नाही.

वेळ कमी म्हणून छोटं लिहिणं दुय्यम, असंही ते गृहस्थ म्हणाले होते. कॅनडाची कथाकार ॲलिस मन्रो हिने मुली लहान असताना कथा लिहिल्या, कारण कादंबरीला लागतो तसा सलग वेळच हाती नव्हता. पहिला संग्रह 1968 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी आला. 2013 मध्ये नोबेल मिळालं ते कथांसाठीच. हे मला त्या बैठकीत सांगता आलं नाही, नोबेल तेव्हा मिळालंच नव्हतं.

चिडचिडीचं म्हणाल, तर मला ती वेळ कमी पडतो म्हणून होत नसे. आता हाक येईल, मग हाक येईल, या धास्तीने व्हायची. अर्धा तास मिळाला तरी पुरतो, फक्त तो खरोखर आपला हवा.

अर्थात, माझा नवरा एक रात्र आड सासूबाईंजवळ झोपायचा, म्हणून मी हे सगळं म्हणू शकते. घरात तान्हं मूल असेल तर यातलं काहीही मनावर घेऊ नका, मिळेल तेव्हा झोपा. एकटीनेच सगळं ओढत असाल, तर माझा सल्ला तोकडाच पडेल.

घरात दुसरं मोठं माणूस असेल, तर आज रात्रीच बसून ठरवा. "तू जरा बघशील ना?" असं मोघम नको. तुमच्या त्या अर्ध्या तासात मूल रडलं, फोन वाजला, दारावर कोणी आलं, तर कोण उठणार, ते नाव घेऊन ठरवा. आणि त्या माणसालाही रोज तेवढाच वेळ मोकळा द्या, मग तो लिहो की नुसता पडून राहो.