अमावस्येची रात्र आणि गळावरची फ्लाय

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, आता वेल्समध्ये स्वान्झीला असतो. दोन उन्हाळे दिवसा ट्राउट धरतो आहे. यंदा पहिल्यांदाच टवी नदीवर रात्री सी ट्राउटसाठी गेलो आणि तिन्ही रात्री रिकाम्या हातानं परतलो. अंधारात मासे धपाधप उड्या मारत होते, पण गळाला एकही लागला नाही. दुकानात फ्लायचे, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेल्या खोट्या आमिषांचे, इतके प्रकार की डोकं चक्रावतं. मी बारा घेतल्या, बाराही बदलून पाहिल्या. नेमक्या कोणत्या घ्याव्यात?

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘बाराही बदलून पाहिल्या’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. बारा वेळा फ्लाय बदलायची म्हणजे अंधारात बारा वेळा गाठ मारायची, आणि गाठीसाठी बारा वेळा डोक्यावरचा दिवा लावायचा. तुमचा मासा तिथेच गेला. फ्लाय चुकीची होती म्हणून तो गेला असं मला वाटत नाही.

मी बावीस वर्षं लँडायलोच्या जवळ राहते. टवी घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मला हे सगळं शेजारच्या आजोबांनी शिकवलं. कोळशाच्या खाणीत जन्म गेलेला माणूस, त्यामुळे अंधाराची सवय त्यांना आपल्यापेक्षा जास्त. इथले लोक सी ट्राउटला स्यूइन म्हणतात. जात तीच, नदीतल्या तपकिरी ट्राउटची. फक्त ही पिल्लं दोन-तीन वर्षांची झाली की वसंतात अंगावर चांदी चढवून समुद्रात जातात आणि तिथे खाऊन-पिऊन, धष्टपुष्ट होऊन अंडी घालायला आपल्याच नदीत परततात. एकदा नदीत शिरली की ती जवळजवळ खातच नाहीत. म्हणजे आपण ज्याच्यापुढे आमिष धरतो, त्याला मुळात भूकच नसते. हे मनात पक्कं धरलं की फ्लायचा अर्धा गोंधळ संपतो. दिवसाच्या ट्राउटला आपण पाण्यावरचा किडा दाखवतो. स्यूइनला फक्त जुनी समुद्रातली सवय चाळवेल असं काहीतरी त्याच्या नाकासमोरून न्यायचं असतं.

आता अंधाराचं. आजोबांचा एकच नियम होता : समोरच्या काठावरच्या गवताचा हिरवा रंग ओळखू येईनासा झाला की मगच पहिली फेक. पहिल्या वर्षी मी ऐकलं नाही. जूनअखेर होती, सूर्य साडेनऊच्या पुढे मावळलेला, आकाशात अजून उजेड. पावणेदहाला मी डोह संपून पाणी पसरट होतं तिथे गुडघाभर पाण्यात उतरले. माझ्या पायाजवळून चंदेरी बाण सुटावेत तसे पाच-सहा मासे वरच्या डोहात गेले. दिवसभर खोल पाण्यात झाडाच्या सावलीला दडलेले हे मासे तिन्हीसांजेला सरकत सरकत उथळाला येतात, आणि मी नेमकी त्यांच्या अंगणातच पाय ठेवला होता. आजोबा काठावर बसूनच राहिले. रात्री दीडपर्यंत बसलो, एक ओढही लागली नाही.

त्या नियमाचं कारण डोळ्यात आहे. उजेड अगदी कमी झाला की आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, फक्त काळं-करडं कळतं. मधल्या कातरवेळी लाल रंग आधी काळवंडतो, निळा मात्र बराच वेळ उजळ वाटत राहतो. तुळशीजवळच्या लाल जास्वंदीकडे संध्याकाळी बघा, पानांआधी फूल काळं पडतं. माशाच्या डोळ्यातही उजेडाच्या आणि अंधाराच्या पेशी वेगळ्या असतात, तेव्हा रात्री लाल-पिवळ्या नाजूक कारागिरीवर पैसे घालवू नका. मासा खालून वर बघतो. कितीही अंधार असला तरी आकाश पाण्यापेक्षा थोडं उजळच असतं. त्याला फ्लायची सावली दिसते. म्हणून रात्री आकार, खोली आणि वेग हे तीन बघायचे. रंग त्यांच्या मागून येतो.

माझ्या डबीत रात्री तीनच फ्लाय असतात.

पहिली टील ब्लू अँड सिल्व्हर. अंगभर चपटी चांदीची जर गुंडाळलेली, त्यावर बारीक तारेचे वेढे, शेपटीला सोनेरी फेझंट पक्ष्याची दोन-चार पिसं, गळ्याशी निळं पीस आणि पाठीवर टील बदकाच्या कुशीचं पांढऱ्या-काळ्या रेघांचं पंख. हातावर ठेवून दिव्याखाली पाहा, एवढासा मासाच वाटतो. ही आठ नंबरच्या गळावर, तरंगत्या दोरीला. साधारण पावणेअकरा ते साडेबारा ही हिची वेळ. आकाशात थोडा उजेड उरलेला असतो, मासे पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतात. चांदणं असेल तेव्हाही मी हीच लावते.

मग एक वेळ अशी येते की नदी मेल्यासारखी होते. हवा गार पडते, उड्या थांबतात. बहुतेक लोक इथेच घरी जातात. तुम्ही थांबा, थर्मासमधला चहा प्या, आणि दुसरी बांधा : काळ्या रंगवलेल्या खारीच्या केसांची, नळीवर बांधलेली, अडीच इंच लांब. हिला हळू बुडणारी दोरी हवी आणि दोरी आणि फ्लायच्या मधला धागा आखूड, चार-पाच फुटांचा. लांब धागा लावलात तर दोरी बुडते आणि फ्लाय वरच राहते. काळी का, तर गडद अंधारात काळ्याची सावली सगळ्यात ठसठशीत. मासे आता तळाशी गेलेले असतात, तिथवर फ्लाय नेणं एवढंच आपलं काम. प्रवाहाला तिरकं, खालच्या बाजूला फेकायचं, आणि दोरी ताणून प्रवाहालाच ती फिरवू द्यायची. डाव्या हातानं दोरी बोटांत आठच्या आकड्यासारखी गुंडाळत राहायची, पण इतकी सावकाश की आपलाच धीर सुटावा. माझे बहुतेक मोठे मासे या फ्लायला लागले आहेत, एक ते तीनच्या मध्ये.

तिसरी तरंगती, हरणाच्या पोकळ केसांची, बोटाच्या पेराएवढी जाड. वाऱ्याची झुळूक नसलेल्या उबदार रात्री, संथ पसरट पाण्यावर ती ओढली की मागे पाण्याची व्ही आकाराची रेघ उमटते. डोळ्यांना काही दिसत नाही. आधी ऐकू येतं, कुणीतरी पाण्यात वीट टाकावी तसा आवाज, आणि त्यानंतर हाताला जाणवतं. आवाज ऐकून झटका द्यायचा नाही. ओढ हाताला लागेपर्यंत थांबायचं. स्यूइनचं तोंड फार मऊ असतं, घाईत गळ फाडून बाहेर येतो.

या तिन्ही मी दिवसा, घरी, उजेडात बांधून ठेवते, प्रत्येकीला आपापला धागा लावून. रात्री फक्त धाग्याचा फासा दोरीला अडकवायचा. गाठ तपासायची तर दातांत धरून ओढून बघायची.

उड्या मारणाऱ्या माशांच्या मागे लागू नका. माझ्या अनुभवात धपाधप उडणारा मासा गळाला लागत नाही. मी कान देते तो डोहाच्या खालच्या टोकाकडे, जिथे पाणी नुसतं फुगून बसतं आणि आवाज जवळजवळ होतच नाही. तिथे फेका. आणि तो डोह एकदा भर दुपारी जाऊन नीट पाहून ठेवा. कुठे दगड, कुठे झाड वाकलंय, कुठे पाय घसरेल. रात्री पाण्यात प्रत्येक पाऊल चाचपून टाकायचं. एकट्यानं जात असाल तर घरी डोहाचं नाव सांगून निघा.

प्रश्न : आपल्याकडे कोकणात रात्री पेट्रोमॅक्स घेऊन कुर्ल्या धरतात, पहिल्या पावसात चढणीचे मासेही बत्तीच्या उजेडात टिपतात. मग इथेच दिवा का वर्ज्य? आणि रात्र कशी निवडायची?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला राजापूरचा आमचा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, आठवला. मृगाचा पहिला जोरदार पाऊस, शेतात पाणी चढलेलं, आणि वडील पुढे बत्ती, मी मागे डबा घेऊन. तिथे उजेडानं कुर्ली दिपून जागच्या जागी थांबते, तो आपला फायदा. स्यूइनचं उलट आहे. त्याला भित्रा म्हणणंही कमीच. पाण्यावर एकदा दिव्याचा झोत फिरला की तो डोह निदान तासभर गेला. माझ्या कपाळावर लाल काचेचा दिवा असतो, तो लावायचा तर मी काठापासून दूर जाते आणि नदीकडे पाठ करते. लाल दिव्याचा आणखी एक उपयोग : अंधाराला सरावलेले आपले डोळे त्यानं फारसे बिघडत नाहीत. पांढऱ्या दिव्यानंतर पुन्हा नीट दिसायला वीस मिनिटं सहज जातात.

रात्र निवडायला मी काय वापरते ते सांगते : स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. आई दरवर्षी पाठवते. मे महिन्यातच मी पुढच्या सगळ्या अमावास्यांना पेन्सिलीनं गोल करून ठेवते. तिथ्यांच्या वेळा भारतातल्या असतात, उन्हाळ्यात साडेचार तास वजा करायचे. आषाढी अमावास्येला सकाळी मी घरातले दिवे घासून, मांडून, पुजते, कणकेचे दिवेही करते. आणि त्याच रात्री नदीवर एकही दिवा न लावता उभी राहते. वर्षातली माझी सर्वांत आवडती रात्र ती.

ढगाळ, उबदार, वारा नसलेली रात्र उत्तम. पाण्यावरून धुकं निघायला लागलं की आवरतं घ्या. चंद्र असलाच तर तो तुमच्या पाठीशी नको, सावली पाण्यावर पडते. पूर ओसरून पाणी निवळलं की दोन-तीन रात्री सोडू नका, समुद्रातून ताजे मासे तेव्हाच वर चढतात. अगदी आपल्या चढणीच्या माशांसारखे.

प्रश्न : धरलेला मासा घरी नेता येतो का? सॅल्मन आणि सी ट्राउट अंधारात ओळखायचे कसे? आणि कालवण होतं का याचं?

उत्तर : ओळखणं आधी शिका, कारण वेल्समध्ये २०२० पासून गळाला लागलेला प्रत्येक सॅल्मन परत सोडावाच लागतो. शेपटीच्या मुळाशी हात घाला. सॅल्मनच्या शेपटीआधी मनगटासारखा निमुळता भाग असतो आणि शेपूट आत वळलेलं, त्यामुळे मुठीत धरता येतो. सी ट्राउटचं शेपूट सरळ कापल्यासारखं, तो मुठीतून निसटतो. शिवाय सी ट्राउटचा जबडा डोळ्याच्या मागपर्यंत जातो आणि ठिपके अंगाच्या मधल्या रेषेखालीही असतात. हे सगळं मासा पाण्यात असतानाच बघायचं. सी ट्राउटसाठीचे नियम नदीनुसार बदलतात. परवाना काढाल तेव्हा त्या पाण्याचं कार्ड नीट वाचा.

मी वर्षाला एक घरी आणते, तोही लहान, किलोभराच्या आतला. मोठे सोडते. मोठ्यांत बहुतेक माद्या असतात, आणि सी ट्राउट अंडी घालून मरून जात नाही. पुन्हा समुद्रात जाते, पुन्हा येते, पुन्हा घालते. पाच-सहा वेळा आलेली मादी मी तळायला नेऊ शकत नाही. नद्यांतले हे मासे कमी होत चालले आहेत. बावीस वर्षांत मी ते माझ्या कानांनी ऐकलं आहे. पूर्वी जुलैत डोहात रात्रभर आवाज असायचा. हल्ली कितीतरी रात्री नुसतं पाणी ऐकू येतं. म्हणून गळाची दाढ, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, मी पक्कडीनं दाबून टाकते, मासा जाळीतच पाण्यात ठेवून सोडवते आणि तोंड प्रवाहाकडे करून धरते. तो स्वतः शेपूट मारून हातातून जाईपर्यंत हात काढत नाही.

कालवणाचं म्हणाल तर मांस गुलाबी असतं, समुद्रातल्या कोळंबीसारख्या कवचाच्या जिवांमुळे आलेला रंग तो, आणि त्याला स्वतःचं तेल भरपूर. नारळाच्या घट्ट रसात तो जड होतो. मी तुकड्यांना हळद, मीठ, लिंबू लावते, अर्ध्या तासानं थोडं तिखट आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कातडीची बाजू आधी खाली ठेवते. डोकं आणि काटे टाकायचे नाहीत, त्यांचं कोकम घालून पातळ सार करते. गरम भातावर वाढते.